ब्लूज हार्मोनिका : आधी तिसऱ्या होलचा गंधार

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे (होल म्हणजे हार्मोनिकेचं भोक, ड्रॉ म्हणजे हवा आत ओढून वाजवलेला स्वर, बेंड म्हणजे तो स्वर तोंडाने खाली वाकवणं) : "दीड वर्ष सी-ची दहा होलची हार्मोनिका वाजवतोय. सिंगल नोट स्वच्छ येते, जुनी हिंदी गाणी वाजतात, चौथ्या होलचा बेंड जमतो. पण दुसऱ्या होलचा ड्रॉ मुळातच फुसका येतो आणि तिसऱ्याचा बेंड कधी लागतो, कधी नाही. बॅकिंग ट्रॅक लावून वाजवलं की ब्लूज वाटतच नाही, गाण्यासारखं वाटतं. महागडी हार्मोनिका घेऊ का? ओव्हरब्लो शिकू का? रोज नेमकं काय वाजवू?"

सोप्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देतो. नवीन हार्मोनिका नको. ओव्हरब्लो, म्हणजे एरवी न मिळणारे स्वर फुंकून काढायची युक्ती, पुढची दोन वर्षं तरी नको. हॉवर्ड लीव्ही यांनी ओव्हरब्लोच्या जोरावर दहा होलांतून बाराही स्वर काढून दाखवले, ते थक्क करणारं काम आहे, पण शिकागोच्या ज्या वादकांमुळे तुम्हाला ब्लूजची ओढ लागली असेल त्यांचं त्यावाचून काहीही अडलं नव्हतं. तुमचं अडलंय ते दुसऱ्या आणि तिसऱ्या होलमध्ये. "ड्रॉ फुसका येतो" आणि "ब्लूज वाटत नाही" या तुम्हाला दोन तक्रारी वाटतात, पण दुखणं एकच आहे.

तुमच्याकडे दहा होलची डायटॉनिक, म्हणजे एकाच पट्टीची हार्मोनिका आहे हे चांगलं झालं. आपल्याकडे बहुतेकांच्या घरात सापडते ती दोन रांगांची ट्रेमोलो, नाहीतर बटणाची क्रोमॅटिक. सिनेसंगीतासाठी दोन्ही उत्तम. कॉलेजात असताना मी ट्रेमोलो घेऊनच ब्लूज वाजवायला बसलो होतो. जवळजवळ वर्षभर चौथ्या घराचा बेंड काढायचा प्रयत्न केला आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे असं धरून चाललो. ट्रेमोलोच्या एका खान्यात एकच रीड असते, त्यामुळे तिथे हा बेंड होतच नाही, हे तेव्हा सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून मला कुणीही ब्लूजबद्दल विचारलं की मी आधी वाद्य दाखवायला सांगतो.

आता ब्लूज कुठे आहे ते बघू. जर्मनीतल्या ट्रॉसिंगन गावात माथियास होनर यांनी १८५७ मध्ये हार्मोनिका बनवायला घेतली. त्यांच्या कंपनीचं १८९६ चं मरीन बँड मॉडेल आजही मिळतं. या वाद्याची मांडणी युरोपातल्या साध्यासरळ लोकगीतांसाठी केलेली आहे : फुंकलं की सी मेजरची कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे जुळते स्वर, ओढलं की मधले उरलेले स्वर. ही स्वस्त, खिशात मावणारी वस्तू अमेरिकेच्या दक्षिणेत पोचली तेव्हा तिथल्या कृष्णवर्णीय वादकांनी तिचं घरच बदललं. फुंकण्याच्या स्वराऐवजी ओढण्याच्या स्वराला त्यांनी सा मानलं. पहिल्या सहा होलांत खाली वाकतात ते ओढायचे स्वर, आणि त्यांना हवे असलेले गाण्यातले कण, हुंदके, हाका त्या वाकण्यातच मिळत होत्या. यालाच सेकंड पोझिशन म्हणतात.

आपल्या भाषेत नियम सोपा आहे : हार्पचा (म्हणजे हार्मोनिकेचा) जो प, तो आपला सा. सी-च्या हार्पवर तुमचा सा म्हणजे जी, पांढरी पाच. तो दुसऱ्या होलच्या ड्रॉवर आहे. तिथून सरगम लावून बघा. तिसरा ड्रॉ शुद्ध ग. चौथा फुंकला की म, ओढला की प. पाचवा फुंकला की शुद्ध ध, ओढला की कोमल नि. सहावा फुंकला की वरचा सा. खाली पहिला ड्रॉ मंद्र प. बेंड न करता एवढंच हाताशी आहे. शुद्ध गंधार आणि कोमल निषाद, म्हणजे हा सरळ सरळ खमाजचा संसार झाला. तुमचं वाजवणं गाण्यासारखं वाटतं याचं कारण हेच. तुम्ही चुकीचं काही वाजवत नाही, प्रामाणिकपणे खमाज थाटात वाजवताय.

ब्लूजला लागतो सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि, सां. तीव्र म बाजूला ठेवला तर धानी रागाचेच स्वर. आता नकाशात शोधा : कोमल ग कुठे आहे? कुठेच नाही. तो तिसऱ्या ड्रॉच्या शुद्ध गंधाराला खाली वाकवूनच मिळतो. मधल्या सप्तकातला रे सुद्धा त्याच होलमध्ये, आणखी खाली. चौथ्या ड्रॉच्या बेंडमधून तीव्र म मिळतो आणि तो तुम्हाला जमतोय. म्हणजे ब्लूजच्या सहा स्वरांपैकी तुमच्याकडे एकच नाही, आणि नेमका तोच ब्लूजचा जीव आहे.

पण तिसऱ्याकडे जायच्या आधी दुसरा दुरुस्त व्हायला हवा, कारण तो सा आहे. सा कणसूर असताना गंधाराची जागा कानाला कळणार कशी?

आत्ता हार्प हातात घ्या. तिसरा होल फुंका. मग दुसरा ओढा. दोन्हीकडे एकच स्वर आहे, तोच जी. आळीपाळीने दहा वेळा करा. ओढलेला जी फुंकलेल्यापेक्षा खाली, दबलेला, घुसमटलेला येत असेल तर हार्प बिघडलेली नाही, तुम्ही नकळत बेंड करताय. नवशिके याच स्वरावर दुकानात हार्प परत करायला जातात. तोंड बारीक करून, गाल आत घेऊन, जीभ वर उचलून आपण हवा शोषतो, स्ट्रॉने सरबत प्यावं तसं. त्या अरुंद जागेत स्वर आपोआप खाली घसरतो आणि रीड पूर्ण बोलत नाही.

उपाय ओठांपेक्षा आत जास्त आहे. गरम बटाटेवड्याचा घास तोंडात घेतला आणि भाजायला लागलं की आपण काय करतो? जबडा खाली, जीभ तळाशी, टाळू उंच आणि तोंडाने हवा आत. तीच घडण हवी. हार्प ओठांच्या कडेला टेकवू नका, आत सरकवा, वरचा ओठ वरच्या पत्र्यावर निम्म्याहून पुढे यायला हवा. मग कुठलाही एक स्वर धरायचा प्रयत्न न करता पहिल्या चार होलांवर नुसता श्वास घ्या आणि सोडा. वाजवायचं नाही, श्वास घ्यायचा, हार्प वाटेत आहे म्हणून ती वाजेल. पोटावर हात ठेवा. श्वास आत जाताना पोट बाहेर यायला हवं. छाती आणि खांदे वर चढत असतील तर दमसास अर्धाच राहतो. एकदा नाक चिमटीत धरूनही बघा. नाक बंद केल्यावर आवाज एकदम भरला तर आजवर तुमची निम्मी हवा नाकातून येत होती. हे बऱ्याच जणांच्या बाबतीत निघतं, गाणाऱ्यांच्या बाबतीतसुद्धा.

या चार होलांच्या श्वासातून हळूहळू ओठ मिटत दुसऱ्यावर या, पण आतली घडण तशीच ठेवा. आवाज बारीक होता कामा नये. आठवडाभर रोज दहा मिनिटं एवढंच केलंत तरी दुसरा ड्रॉ उघडतो. उघडला की तुम्हालाच कळेल, कारण मग तो हातात थरथरतो.

आता बेंड. जोरात ओढलं की स्वर वाकतो ही समजूत सर्वात महागात पडते. एका खान्यात दोन रीड असतात, एक फुंकायची आणि एक ओढायची. पहिल्या सहा होलांत ओढायची रीड वरच्या स्वराची आहे. तोंडातल्या पोकळीचा आकार बदलून तुम्ही त्या हवेला खालच्या सुराकडे नेलंत की ओढायची रीड खाली येते, आणि जसजसं खोल जाल तसतशी त्याच खान्यातली फुंकायची रीड बोलायला लागते. खोल बेंडमध्ये प्रत्यक्षात मुख्यतः तीच बोलत असते. म्हणून किती वाकेल हे दोन रीडमधल्या अंतरावर ठरतं : खालच्या रीडच्या अर्धा स्वर वरपर्यंत. चौथ्या होलमध्ये डी आणि सी, मध्ये एकच जागा, म्हणून एकच बेंड. दुसऱ्यात जी आणि ई, म्हणून दोन. तिसऱ्यात बी आणि जी, म्हणून तीन : कोमल ग, रे, कोमल रे. पाचव्यात एफ आणि ई शेजारी शेजारी, तिथे पूर्ण अर्ध्या स्वराचा बेंड मिळतच नाही, फक्त थोडा झुकाव मिळतो. सात ते दहा होलांत हिशोब उलटा, तिथे फुंकायचे स्वर वाकतात. आठ, नऊ, दहाचे ते बेंड जिमी रीड यांच्याइतके गोड कुणी वाजवल्याचं मला आठवत नाही. ते नंतर.

चौथा तुम्हाला आपसूक जमला आणि तिसरा निसटतो याचंही कारण हेच. चौथ्यात एकच जागा आहे, खाली गेलात की तळ लागतो, थांबवायला भिंत आहे. तिसऱ्यात मध्ये दोन पायऱ्या अधांतरी आहेत आणि तिथे फक्त कान थांबवतो.

जीभ कुठे जाते हे शब्दांत सांगणं कठीण, तरी एक वाट आहे. श्वास आत घेत, आवाज न करता, "की, कू, कॉ" असं कुजबुजून बघा. क म्हणताना जिभेचा मागचा भाग टाळूला जिथे टेकतो ती जागा "की"ला पुढे असते, "कू"ला मागे जाते, "कॉ"ला आणखी मागे आणि खाली. बेंड त्याच पट्ट्यात होतो. जीभ टाळूला टेकवायची नाही, टेकतेय न टेकतेय एवढी फट ठेवायची आणि ती फट मागे न्यायची. चौथ्या-सहाव्याला पुढची जागा, तिसऱ्याला मधली, पहिल्या-दुसऱ्याला पार मागची. ज्यांना आत हवा घेत शिट्टी येते त्यांनी हार्प बाजूला ठेवून शिट्टीचा सूर वरून खाली आणून बघावा. जिभेची हालचाल जवळपास तीच आहे. ओठ आणि जबडा यांना यात काही काम नाही. आरशासमोर उभे राहा. बेंड करताना चेहरा हलत असेल तर जोर चुकीच्या जागी लागतोय.

जोराने ओढत राहिलात तर रीड थकते. बहुतेकांची चौथी किंवा पाचवी ड्रॉ आधी उतरते. माझ्या पहिल्या वर्षात दोन हार्पची चौथी ड्रॉ अशीच गेली. पहिला आणि चौथा ड्रॉ एकाच स्वराचे, एक सप्तक अंतरावरचे आहेत. दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज डोलत असेल, लाटा येत असतील, तर चौथी उतरायला लागली असं समजा.

आता मुख्य रियाज. हा मला कुठल्या परदेशी पद्धतीतून मिळाला नाही. घरात तानपुरा होता म्हणून सापडला.

तानपुऱ्याचं ॲप पांढरी पाचवर लावा, पंचमाची तार. दुसरा ड्रॉ धरून सा मिळवा. सा इतका मिसळला पाहिजे की हार्प थांबली कधी हे कळू नये. मग हार्प खाली ठेवा आणि गळ्याने सा ग सा म्हणा, शुद्ध गंधार. मग सा, कोमल ग, सा. मग सा रे सा. हे गळ्यातून नीट येईपर्यंत हार्प उचलायची नाही. जो स्वर आतून ऐकू येत नाही तो तिसऱ्या होलमध्ये कधीच सापडणार नाही, कारण तिथे ना पडदा आहे ना पट्टी.

मग हार्प घ्या. तिसरा ड्रॉ मोकळा : शुद्ध ग. तिथून मींड घेत तळापर्यंत जा, कोमल रेपर्यंत, आणि तसंच सावकाश वर या. एका श्वासात एकदाच. घाईने वर सोडून देऊ नका, बहुतेक जण खाली नीट जातात आणि वर येताना हात सोडल्यासारखा स्वर सोडून देतात. ही मींड आठ-दहा दिवसांत गुळगुळीत झाली की थांबे घ्यायला लागा. आधी रे, कारण तो तानपुऱ्याच्या पंचमाशी बोलतो आणि लगेच पटतो. शुद्ध गंधारावरून उतरून रे वर दोन मात्रा उभे राहा. जमलं की गंधार न वाजवता, कोऱ्या पाटीवर, थेट रे लावा. इथे सगळे अडखळतात. पहिले पंधरा दिवस पाचातला एकही रे जागेवर लागणार नाही. तोंड आधीच त्या आकारात आणून मग श्वास सुरू करायचा, ही खूण आहे. गायक स्वर लावायच्या आधी मनात लावतो तसंच.

कोमल गंधार सर्वात शेवटी, कारण तो सर्वात अवघड. जीभ किंचितच मागे जाते, जरा जास्त गेली की स्वर रे मध्ये कोसळतो. हार्मोनियम किंवा की-बोर्डवर एकदा जागा तपासून घ्या, पण तो स्वर सतत चालू ठेवून त्याच्या आधाराने वाजवू नका. मोबाईलच्या ट्यूनरकडे बघत रियाज तर अजिबात नको, डोळे काम करायला लागले की कान सुट्टी घेतात. आणखी एक. बऱ्याच पारंपरिक हार्पवर तिसरा ड्रॉ की-बोर्डच्या बी-पेक्षा मुळातच किंचित उतरता लावलेला असतो, कॉर्ड गोड वाजावी म्हणून. तानपुरा नीट जुळला की त्यातून जो गंधार आपोआप उमटतो, त्याच्या जवळचा तो. की-बोर्डशी तंतोतंत जुळत नाही म्हणून घाबरू नका.

एवढं झालं की खरी गंमत सुरू होते. ब्लूजचा गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही. तो त्या दोघांच्या मधे राहतो आणि जागा बदलत असतो. श्रुती म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजवावं लागत नाही. पण ती जागा मनमानी नसते. ब्लूजचा एक फेरा बारा बारचा, एक बार म्हणजे चार मात्रांचा खंड : चार बार सा-ची कॉर्ड, मग दोन बार म-ची, दोन सा-ची, एक प-ची, एक म-ची, शेवटचे दोन सा आणि प. पहिल्या चार बारमध्ये तिसरा ड्रॉ शुद्ध गंधारापासून केसभर खाली ओढून धरला तर पोटात कालवतं असा तो स्वर लागतो, आणि हवा तेव्हा वर सोडताही येतो. पाचव्या बारला म-ची कॉर्ड आली की तोच शुद्ध गंधार टोचायला लागतो, तिथे तो नीट कोमल व्हायलाच हवा. तुमच्या बॅकिंग ट्रॅकवर पाचव्या बारला काहीतरी खटकतं पण काय ते सापडत नाही, असं होत असेल तर कारण हेच आहे. एक अख्खा फेरा फक्त सा आणि ग या दोन स्वरांत वाजवा. पहिल्या बारला ग कुठे, पाचव्याला कुठे, सातव्याला परत कुठे, एवढंच सांभाळा. महिनाभर हे करणारा माणूस शंभर लिक्स, म्हणजे ठरीव छोटे तुकडे, पाठ असलेल्या माणसापेक्षा जास्त ब्लूज वाजवतो, हे मी शिकवताना पुन्हा पुन्हा पाहिलंय.

आवाजाच्या जाडीबद्दल. ओठांचा चंबू करून वाजवणं चुकीचं नाही, पण शिकागोचा तो रुंद आवाज बहुतांशी टंग ब्लॉकिंगचा आहे. तोंड चार होल मावेल इतकं उघडायचं, जिभेने डावीकडचे तीन झाकायचे आणि उजव्या कोपऱ्यातून चौथा वाजवायचा. मग जीभ उचलली की कॉर्ड, ठेवली की स्वर. जीभ थापून ठेवली तर स्वराच्या आधी कॉर्डचा एक ठोका येतो, तबल्यावर बोट पडावं तसा, आणि साधा एकेरी स्वर अचानक भारदस्त होतो. जिभेने मधले दोन झाकून दोन्ही कोपऱ्यांतून वाजवलं की पहिला-चौथा ड्रॉ मिळून प-चं सप्तक मिळतं, नवव्या बारला ते धरून ठेवलं तरी पुरतं. सुरुवातीला आवाज गळका येईल, लाळ येईल, जीभ दुखेल. आधी बेंड नसलेले स्वर या पद्धतीने वाजवा. टंग ब्लॉक करून बेंड यायला मला आठ-नऊ महिने लागले.

कंप घशातून घ्यायचा. आवाज न करता हलकं खोकावं किंवा हसावं तसा घसा ड्रॉवर उघडझाप करतो. मेट्रोनोम साठवर ठेवून मात्रेला दोन, मग तीन, मग चार झोके. तालाशी बांधलेला कंपच ऐकायला बरा लागतो. हातांचं कुंड करून उघडझाप करणं सोपं आहे, ते आपोआप येईल.

लयीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. शफल म्हणजे प्रत्येक मात्रेचे तीन भाग, त्यातले पहिले दोन जोडलेले : टाऽक, टाऽक, टाऽक. तिस्र जातीत हात बसलेल्याला हे पाच मिनिटांत कळतं. पण हार्पवर लय श्वासात असावी लागते. पायाने ठेका धरा आणि चार होलांवर आत-आत, बाहेर-बाहेर असा त्या लयीत श्वास चालू ठेवा, पाच मिनिटं न थांबता. जुने वादक आगगाडीची नक्कल करत ती याचसाठी. टेनेसीचे डीफोर्ड बेली १९२० च्या दशकात नॅशव्हिलच्या रेडिओवर एकट्या हार्मोनिकेवर गाडी पळवत असत. गाडी वाजवताना फुप्फुसं कधीच पूर्ण भरत नाहीत आणि पूर्ण रिकामी होत नाहीत, आणि तोच समतोल नंतर गाण्यात उपयोगी पडतो. सेकंड पोझिशनमध्ये ओढणं जास्त, फुंकणं कमी, त्यामुळे हवा साठत जाते आणि नवशिक्याचा दम "भरून" कोंडतो. जिथे विराम आहे तिथे नाकातून हवा टाकून द्यायची सवय लावा.

आणि विराम हवेतच. ब्लूजच्या बारा बारमध्ये शब्दांच्या तीन ओळी असतात. प्रत्येक ओळ साधारण दोन-अडीच बारमध्ये संपते आणि उरलेली जागा वाद्याने उत्तर द्यायची असते. संवादिनीची साथ करणारा माणूस गायकाची ओळ संपेपर्यंत खाली राहतो, मग त्याच अंगाने भरतो आणि पुढच्या ओळीआधी जागा मोकळी करून देतो. तेच इथे करायचं. तुम्ही बॅकिंग ट्रॅकवर बाराच्या बारा बार भरून टाकत असणार, सगळेच टाकतात. उद्यापासून एक ओळ मोठ्याने म्हणा, मराठीत म्हटलीत तरी चालेल, आणि फक्त उरलेल्या जागेत हार्प उचला.

ऐकायचं काय? मागच्या शतकातली पाच माणसं सांगतो, प्रत्येकाकडून एकच गोष्ट घ्यायची. जॉन ली विल्यमसन, ज्यांना पहिले सनी बॉय म्हणतात. त्यांचं ध्वनिमुद्रण १९३७ मध्ये सुरू झालं आणि १९४८ मध्ये शिकागोत त्यांचा खून झाला. हार्प गाण्याच्या मधोमध आणून बसवली ती त्यांनी. त्यांच्याकडे गाणं आणि हार्प एकमेकांना कसं उत्तर देतात ते ऐका. दुसरे सनी बॉय, म्हणजे राइस मिलर, १९४१ पासून आर्कान्सामधल्या हेलेना गावच्या रेडिओवर रोज दुपारी वाजवत. त्यांच्याकडून विराम आणि हात. बिग वॉल्टर हॉर्टन यांच्याकडून एकेका स्वराचा गोलवा. सनी टेरी यांच्याकडून श्वासाची लय, ते मध्येच तोंडाने हाक मारतात आणि हार्प तुटतच नाही.

आणि लिटल वॉल्टर. १९५२ च्या मे महिन्यात मडी वॉटर्सच्या बँडबरोबर त्यांनी शिकागोत 'ज्यूक' हा निव्वळ वाद्याचा तुकडा ध्वनिमुद्रित केला आणि तो आठ आठवडे रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिला राहिला. तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. ए-ची हार्प, म्हणजे सा पांढरी तीन. याचा फक्त पहिला फेरा घ्या, बारा बार, आणि कानाने उतरवा. आकड्यांचे टॅब बघू नका. सूर न बदलता वेग निम्मा करणारी ॲप आहेत, ती वापरा, पण आधी गळ्याने म्हणा. मला तो एक फेरा सरळ बसायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत जे कळलं ते आधीच्या तीन वर्षांत कळलं नव्हतं. माईक, ॲम्प्लिफायर, तो गुरगुरणारा आवाज यांचा नाद सध्या नको. लिटल वॉल्टर माईक मुठीत धरून वाजवत हे खरं, पण माईकमध्ये जाण्याआधीच त्यांचा आवाज भरलेला होता.

पुढची हार्प कधीतरी घ्याल तेव्हा ए-ची घ्या, मग डी-ची. गिटारवाल्यांना ई आणि ए या पट्ट्या आवडतात, त्यांच्याबरोबर बसायचं तर याच लागतात. डी-च्या हार्पवर बेंडची जागा आणखी अरुंद असते, म्हणून सी आणि ए वर तोंड बसल्याशिवाय तिच्याकडे जाऊ नका. हार्पचा मधला सांगाडा (इंग्रजीत कोंब, comb) लाकडी असेल तर पाण्यात बुडवू नका, वाजवून झाल्यावर होल खाली करून तळहातावर चार टपल्या मारा, उघडी वाळू द्या आणि खाऊन लगेच वाजवू नका.

रोज नेमकं काय वाजवू असं विचारलंत. सलग तासभर नको, ओठ आणि कान दोन्ही थकतात. सकाळी पंधरा मिनिटं तानपुऱ्यावर दुसरा आणि तिसरा ड्रॉ. संध्याकाळी पंधरा मिनिटं श्वासाची गाडी आणि दोन स्वरांचा फेरा. वेळ उरला तर ज्यूकचा तुकडा. चार-सहा आठवडे एवढंच.

मग मला एक ध्वनिमुद्रण पाठवा. लिक्स नकोत, बॅकिंग ट्रॅक नको. पांढरी पाचचा तानपुरा, त्यावर दुसरा ड्रॉ एक श्वासभर, मग थेट रे, थेट कोमल ग, आणि शेवटी शुद्ध गंधारापासून तळापर्यंत जाऊन परत वर येणारी एक मींड. मोबाईल हार्पजवळ धरू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. दुसरा ड्रॉ तिथपर्यंत पोचतोय का, तेही मला ऐकायचं आहे.